शेवटच्या हाताचा गुण

अमावस्येला सकाळपासून डोंगरावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाटोद्याच्या बाजाराला होत नाही एवढी गर्दी सोमनाथबाबाच्या पत्र्याच्या शेडपुढे जमली होती. कुणी जीपमधून आलं होतं, कुणी टमटममधून, कुणाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून आणलं होतं. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाचं अर्धं डोकं. दुखणं घेऊन यायचं, बाबाच्या हाती द्यायचं आणि रिकाम्या अंगानं घरी जायचं, असा तिथला व्यवहार होता. लोक त्याला 'ओढणारा बाबा' म्हणत, कारण तो दुखणं अंगातून ओढून काढायचा.

हा सोमनाथ काही वर्षांपूर्वीपर्यंत लग्नकार्यात मंडप आणि स्पीकर लावायचा. दुसऱ्याच्या लग्नात 'हॅलो हॅलो' करता करता त्याला स्वतःच्याच आवाजाची भुरळ पडली असावी. एके दिवशी तो डोंगरावरच्या म्हसोबापुढे घुमायला लागला. स्पीकर घरचाच असल्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही.

"डागदर काय करतो?" बाबा माईक तोंडाला लावून विचारत होता. "फोटू काढतो. आरं, फोटूनं रोग निघत आसता तर म्हशीचा फोटू काढून ती गाभण राह्यली आसती. दवाखान्यात दुखणं मोजतेत. हितं दुखणं वढतेत."

लोक हसत होते आणि हात जोडत होते. बाबाची रीत ठरलेली होती. दुखऱ्या जागी ओल्या हळदीचा लेप लावायचा, डोळे पांढरे करून काहीबाही पुटपुटायचं आणि मग तांब्यातल्या तीर्थात भिजवलेलं पांढरं फडकं त्या जागेवर दाबून धरायचं. फडकं उचललं की लालभडक. बाबा ते काठीवर अडकवून गर्दीला दाखवायचा. "बघा, निघालं नासकं रगत." बायका पदर डोळ्यांना लावायच्या, माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायची.

पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माजी सरपंच मोहनराव बसले होते. ज्यांच्या बैठकीत भगताला कधी चहा मिळाला नाही आणि ज्यांनी शाळेच्या कार्यक्रमात अंधश्रद्धेविरुद्ध बोलून टाळ्या घेतल्या, तेच हे मोहनराव. आज ते बाबाचे सगळ्यात वजनदार साक्षीदार होते. शेजारी त्यांची बायको सत्यशीला, मागं मोहनरावांची थोरली बहीण छबुबाई, आणि पलीकडे धारूरकडचे आप्पाराव. मोहनरावांच्या लेकीची, तेजश्रीची सोयरीक आप्पारावांच्या मुलाशी ठरत आली होती. होणाऱ्या विहीणबाईंवर झालेला चमत्कार बघायला ते मुद्दाम आले होते.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. धनगराचा बंकट बायकोला पाठीवर घेऊन चढण चढून वर आला. रतनबाईनं आपला उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि सांभाळायला दिला होता. बंकटनं तिला शेडपुढच्या घोंगडीवर उतरवलं, तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडं फिरवली.

मोहनरावांनी मान खाली घातली. लोकांना वाटत होतं, या बाईला बंकटनं आणलं. मोहनरावांना ठाऊक होतं की तिला त्यांनीच इथं आणून टाकलं आहे.

त्याचं असं झालं होतं. सत्यशीलाबाईंच्या छातीची गाठ मागं एकदा काढली होती. गावाला सांगितलं, साधी गाठ होती. या हिवाळ्यात त्यांचा खुबा दुखायला लागला. बसता येईना, कुशीवर वळता येईना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोग हाडात उतरला आहे. आता तो मुळातून जाणार नाही, पण दुखणं मात्र बरंच कमी करता येईल. त्यासाठी लाईट घ्यावी लागेल. या भागात रेडिएशनला लोक लाईटच म्हणतात.

मोहनरावांना रोगापेक्षा सोयरिकीची धास्ती जास्त वाटली. पोरीच्या आईला कॅन्सर आहे हे कळलं, की उद्या पोरीच्या रक्तातही तो शोधतील, सोयरे पाय मागं घेतील. म्हणून त्यांनी गावात सांगितलं, "तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून येतो." आणि दोघं गेली मोठ्या शहरातल्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात. परतताना बीडच्या स्टँडजवळच्या दुकानातून पेढे घेतले आणि तुळजापूरचा प्रसाद म्हणून आळीभर वाटले. लोकांनी ते कपाळाला लावून खाल्ले. मोहनरावांना तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

रुग्णालयात आठवडाभर रोज सत्यशीलाबाईंना टेबलावर निजवलं. खुब्यावर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या आणि सांगितलं, या पुसू नका, रोज याच जागी नेम धरायचा आहे. मशीन भोवती फिरायचं, पाच-दहा मिनिटांत काम व्हायचं. ना चटका, ना टाका. तिथल्या डॉक्टर योगिता तरुण होत्या, बोलायला स्पष्ट होत्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "घरी गेल्यावर चार दिवस ठणका वाढू शकतो. घाबरायचं नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. खरा आराम पडायला दोन-तीन आठवडे लागतात."

मोहनराव 'हो हो' म्हणाले. तहसीलच्या बैठकांमध्ये सगळ्याला 'हो हो' म्हणून घरी यायची त्यांना सवय होती. तशीच मान इथंही हलवली आणि ऐकलेलं तिथंच ठेवून आले.

घरी आल्यावर ठणका खरंच वाढला. सत्यशीलाबाई उशीचं टोक दातांत धरून पडायच्या. छबुबाईला दवाखान्याचा पत्ताच नव्हता. ती म्हणाली, "देवाला जाऊन आली आन् दुखणं वाढलं. देवच कोपला हाय, मोहन. बाबाकडं न्यायाला पायजे."

"असल्या भानगडी माझ्या घरात नकोत, अक्का," मोहनराव म्हणाले.

पण आपल्या माणसाचं कण्हणं ऐकत भिंतीकडं बघत बसणं फार अवघड असतं. दुसऱ्या दिवशी जीपची किल्ली त्यांनी स्वतःच खुंटीवरून काढली.

बाबानं सत्यशीलाबाईंना शेडच्या आतल्या खोलीत घेतलं. छबुबाईनं लुगडं जरा सरकवून खुबा दाखवला. जांभळ्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. बाबा त्या रेघांकडं बघत राहिला. मग मोहनरावांना दाराआड घेऊन हळूच म्हणाला, "सरपंच, लाईट दिली व्हय?"

"हो," मोहनराव म्हणाले. "कुणाला बोलू नका."

"आपल्या दोघांतच राहील," बाबा म्हणाला. आणि बाहेर येऊन माईकवर ओरडला, "देवीनं आधीच रेघ मारून ठिवलीय. माजं काम निम्मं तिनंच केलंय. पुनवेच्या आत गुण न्हाई आला तर ह्यो बाबा डोंगर सोडून जाईल."

अशी माणसं बाबाकडं आधीही आली असणार. लाईटीनंतर कधी आराम पडतो हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघून हेरलं होतं. पुनवेच्या आधीच सत्यशीलाबाई कुशीवर वळून झोपल्या. सकाळी उठून चुलीपाशी जाऊन बसल्या. छबुबाईनं गावभर साखर वाटली.

"अहो, हा लाईटीचा गुण आहे," सत्यशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई बोलल्याच होत्या."

"मला कळतंय. पण सांगायचं कसं? लग्न होऊ दे, मग बघू."

आपल्याकडची रीतच तशी आहे. आधी दहा हात राबलेले असोत, गुण येताना जो हात समोर असेल त्याच्या गळ्यात माळ पडते. शेवटचा हात बाबाचा होता, त्यामुळे गुण बाबाचा. आणि गुण आला की पुढच्या अमावस्येला सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, हा बाबाचा दंडक होता. मोहनरावांनी तेही कबूल केलं. एक खोटं निभवायला दुसरं लागतं हे त्यांनी राजकारणात पुष्कळ वेळा पाहिलं होतं, फक्त स्वतःच्या घरात पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस बंकट आला. ओट्यावर आप्पाराव चहा पीत बसले होते, देण्याघेण्याचं बोलणं गोडीत चाललं होतं. बंकट खाली अंगणातच उभा राहिला.

"सरपंच, एक इचारायचं हुतं."

"बोल की."

"आमच्या रतनीच्या मांडीच्या हाडात लई दुखतंय. मागं तिचं छातीचं आपरेशन झालतं, तेच आता हाडात गेलंय म्हन्तेत. बीडच्या डागदरनं सांगितलं, लाईट घ्या. लोक म्हन्तेत, लाईटीनं मानूस आतून जळतंय. आन् तुमच्या वैनीला तर बाबाचा गुण आला." बंकटनं डोक्यावरचा फेटा नीट केला. "आमी रानातली मानसं. तुमी सांगसाल तसं करतो. लाईटीला जाऊ का बाबाकडं जाऊ?"

प्रश्न सरळ होता. त्याचं उत्तरही सरळ होतं आणि ते देऊ शकणारा माणूस सगळ्या पंचक्रोशीत एकच होता. आप्पारावांनी बशी खाली ठेवली आणि तेही ऐकायला लागले.

मोहनरावांनी आधी आप्पारावांकडं बघितलं, मग बंकटकडं. "गुण आलाय खरा," ते म्हणाले. "पुढं तुझी मर्जी."

यात एकही शब्द खोटा नाही, असं त्यांनी मनाला समजावलं. बंकटनं हात जोडले आणि गेला. दाराआडून सत्यशीलाबाईंनी ते ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला जेवायला वाढलं, पण समोर बसल्या नाहीत.

बाबानं रतनबाईच्या दुखण्यावरच्या गोळ्या बंद केल्या आणि अमावस्येची वाट बघायला सांगितली. ती वाट बघून आज ती इथं घोंगडीवर पडली होती.

बाबानं तिच्या मांडीला हळद फासली. तीर्थाचं फडकं दाबलं. ते दाबताना तिनं बंकटचा हात एवढा आवळला की त्याची नखं पांढरी पडली. फडकं उचललं, लाल. गर्दीनं गजर केला. रतनबाईच्या चेहऱ्यावर मात्र दुखणं जसंच्या तसं होतं.

"आता साक्ष," बाबा म्हणाला. "असल्याच दुखण्यातून उठलेली बाय आपल्यात बसलीय. सत्यशीलाताई, या. दोन शबूद सांगा म्हंजी हिलाबी धीर यील."

सत्यशीलाबाई उठल्या. मोहनरावांनी त्यांना काय बोलायचं ते घरून सांगून ठेवलं होतं. त्यांनी माईक घेतला, रतनबाईकडं थोडा वेळ पाहिलं आणि मागं वळून म्हणाल्या, "अक्का, तुमची चुन्याची डबी द्या."

छबुबाईच्या कमरेला पानतंबाखूची चंची असायची. काही न कळून तिनं डबी पुढं केली. सत्यशीलाबाईंनी बाबाच्या परातीतली हळद तळहातावर घेतली, त्यावर बोटभर चुना ठेवला, तांब्यातलं नव्हे, बंकटच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी टाकलं आणि बोटानं चोळलं. हात लाल झाला. तो त्यांनी वर करून दाखवला.

"आपल्या आज्या घरी कुंकू करायच्या ते असंच. हळद आणि चुना," त्या म्हणाल्या. "बाबाच्या तांब्यात तीर्थ न्हाई, चुन्याची निवळी आहे. लेपाच्या हळदीला ती लागली की फडकं लाल होतं. दुखत असलं तरी होतं, दुखत नसलं तरी होतं. हे भिंतीला लावलं तर भिंतीचंही रगत निघंल."

छबुबाई डबीकडं बघत राहिली. तिनं स्वतःच्या हातानं सासरी कितीदा कुंकू केलं होतं.

"आन् दुसरं," सत्यशीलाबाईंनी माईक आणखी जवळ धरला. "मला बाबाचा गुण आलेला न्हाई. मला कॅन्सर आहे. आमी देवाला गेलो नव्हतो, दवाखान्यात गेलतो. लाईट घेऊन आले. माझ्या अंगावरच्या रेघा देवीनं मारल्या नव्हत्या, तिथल्या पोरीनं पेनानं मारल्या होत्या. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, आधी ठणका वाढंल, मग पंधरा-वीस दिवसांनी आराम पडंल. तसंच झालं. मी बरी झालेली न्हाई. हा रोग मला नेणार आहे, आज न उद्या. पण तोवर मी झोपते, दोन घास खाते, लेकीच्या केसाला तेल लावते. रतनबाई, तुमालाबी हे मिळू शकतं. पण इथं न्हाई."

कॅन्सर हा शब्द त्या डोंगरावर स्पीकरवरून पहिल्यांदाच ऐकू आला होता.

बाबा मात्र मुरलेला होता. त्यानं माईक काढून घेतला. "बाधा बोलतीया," तो म्हणाला. "निघालेली बाधा परत तिच्यात शिरलीया. बायकांचं ऱ्हाऊ द्या. सरपंच हितं बसलेत, जाणता मानूस. सरपंच, तुमीच सांगा. तुमचा शबूद परमाण."

मोहनराव उभे राहिले. सगळा डोंगर त्यांच्याकडं बघत होता, पण त्यांना दिसत होते ते एकटे आप्पाराव. तेजश्रीच्या नावानं शिवायला टाकलेले कपडे त्यांना आठवले, छापायला द्यायच्या पत्रिका आठवल्या. तोंड उघडलं, आवाज फुटेना. लहानपणी शाळेत फळ्यापुढं उभं केल्यावर व्हायचं तसं झालं. फार वेळ नव्हता तो. पण बाबाला तेवढा पुरला.

"गप म्हंजी कबूल," बाबा म्हणाला. "रतनी, ऊठ माय. तुजं दुखणं मी वढलंय. ऊठ आन् चालून दाव ह्यांना."

दुखण्यानं पिळून निघालेलं माणूस कुणाचंही ऐकतं. रतनबाई बंकटच्या खांद्याला धरून उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबानं बंकटचा हात बाजूला सारला आणि म्हणाला, "सोड तिला. देवावर सोड."

तिनं एक पाऊल टाकलं. आणि गुडघ्याच्या वर, जिथं माणसाला सांधा नसतो, तिथं तिचा पाय मुडपला.

"ती खरं बोलतेय," मोहनराव म्हणाले. "सत्यशीला खरं बोलतेय. मीच लपवलं. आम्ही लाईट घेतली होती." ते हे मोठ्यांदा म्हणाले, दोनदा म्हणाले. पण तोवर किंकाळ्या सुरू झाल्या होत्या, माणसं सैरावैरा धावत होती आणि त्यांचं खरं ऐकायला कुणाला सवड नव्हती. बाबा शेडमागून कधी सटकला ते कळलंसुद्धा नाही.

जीपची मागची सीट पाडून रतनबाईला आत घेतलं. आप्पारावांनी शेडची एक फळी उपटून आणली, तिच्या पायाखाली सरकवली, फेट्यानं बांधली आणि न विचारता आत चढून फळी धरून बसले. घाट उतरून झाला. मग आप्पाराव म्हणाले, "मोहनराव, माझी माय ह्याच रोगानं गेली. आमी बी तुमाला सांगितलं न्हाई. म्हनलं, सोयरीक मोडंल."

मोहनरावांना गाडी रस्त्याकडेला लावून खाली उतरावंसं वाटलं. ज्या माणसाच्या भीतीनं त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं, तो त्यांनाच भीत होता. दोन घरच्या दोन लपवालपव्या आणि मध्ये पाय मोडलेली तिसऱ्याचीच बायको. ते गाडी चालवत राहिले, कारण दुसरं काहीच त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

रुग्णालयात डॉक्टर योगितांनी सत्यशीलाबाईंना लगेच ओळखलं आणि त्या बऱ्या चालतात हे बघून त्यांना आनंद झाला. मग फोटो बघितला आणि आनंद मावळला. "हाड आतून पोखरलं होतं," त्या म्हणाल्या. "भार टाकला आणि मोडलं. पंधरा दिवसांपूर्वी आल्या असत्या तर आधीच आधार देऊन, लाईट देऊन बहुधा चालत्या ठेवता आल्या असत्या."

"आमी बाबाकडं गेलतो," बंकट म्हणाला. "गुण येतो म्हन्ले."

"तुमच्या भागातून माझ्याकडे आलेले बरेच रुग्ण हेच सांगतात," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "लाईट गोळीसारखी नसते. हाडातल्या रोगाच्या पेशी मरायला, सूज उतरायला वेळ लागतो. सुरुवातीला काहींना उलट जास्तच ठणकतं. तेव्हा लोक म्हणतात, लाईट वाया गेली, आणि जातात बाबाकडे. तिथं असताना आराम पडतो. झाडाला खत घालायचं आम्ही, आंबा पडताना खाली उभा असतो बाबा. सगळ्यांनाच आराम पडतो असंही नाही, पण बहुतेकांना पडतो. आणि दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असंही नाही. हे सगळं मी यांना बसवून सांगितलं होतं." शेवटचं वाक्य त्या मोहनरावांकडं बघून बोलल्या.

रतनबाईच्या मांडीत सळई घातली. जखम भरल्यावर लाईट दिली. या वेळी मोहनराव प्रत्येक शब्द ऐकत बसले होते आणि बंकटला परत परत सांगत होते, "ठणका वाढला तरी घाबरायचं नाही, गोळ्या चालू ठेवायच्या." त्यांनी आणि सत्यशीलाबाईंनी ठाण्यात जाऊन सोमनाथविरुद्ध जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. तो पाहुण्याच्या घरी माळ्यावर सापडला. पकडताना म्हणाला, "मला सोडा, माझी कंबर दुखतीया, दवाखान्यात न्या." गाव त्यावर पोट धरून हसलं. मोहनरावांना हसू आलं नाही.

काही आठवड्यांनी ते बंकटच्या वस्तीवर गेले. रतनबाई लिंबाखाली खाटेवर बसून कोकराला पाला चारत होती. चेहरा शांत होता. "आता झोप लागती, सरपंच," ती म्हणाली. "रातभर." मेंढरामागं मात्र ती पुन्हा जाणार नव्हती. खाटेवरून उठायला तिला दोन माणसं लागत होती.

बंकटनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. पाहुणचारात काही कमी केलं नाही. मोहनराव पोत्यावर बसले आणि म्हणाले, "बंकट, माझी चूक झाली."

"बाबानं फसवलं त्याचा मला तेवढा राग न्हाई," बंकट म्हणाला. तो मोहनरावांकडं बघत नव्हता, मेंढरांकडं बघत होता. "त्याचा त्यो धंदाच हाय. पर तुमचा तर धंदा न्हवता. मी तुमच्या दारात येऊन इचारलं हुतं. तुमी कावून न्हाई सांगितलं?"

मोहनरावांनी सांगायला तोंड उघडलं. सोयरीक, आप्पाराव, पोरीचं लग्न. सगळं खरं होतं, आणि खाटेवर बसलेल्या त्या बाईसमोर त्यातलं एकही बोलण्याजोगं नव्हतं. ते पाणी पिऊन उठले.

त्या आठवड्यात त्यांनी देवळापुढं गाव जमवलं. यापूर्वी त्यांनी तिथं पुष्कळ भाषणं केली होती. या वेळी कागद नव्हता आणि खुर्चीही नव्हती.

"बाबा हळद-चुन्यानं फसवत होता, ते तुम्ही बघितलंत," ते म्हणाले. "पण बाबाला मोठा मी केला. लाईटीचा गुण होता आणि तो मी बाबाच्या नावावर जाऊ दिला. माझ्या बायकोला कॅन्सर आहे, हे सांगायची मला लाज वाटली. कॅन्सर शेजाऱ्याला चिकटत नाही. तो कुणाच्या पापानं होत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटावी असं मी वागलो, त्याची मला आता रोज वाटते. एवढंच मागतो. दुखणं लपवू नका. डॉक्टर काय सांगतो ते नीट ऐका, कळलं नाही तर परत विचारा. गुण आला की शेवटी कुणाकडं गेलतो हे बघू नका, आधी काय काय केलं ते सगळं मोजा. आणि कुणी दारात येऊन विचारलं, तर खरं सांगा. त्या वेळी ओट्यावर कोण बसलंय ते बघू नका."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक खाली बघत होते. बऱ्याच घरांत काही ना काही झाकलेलं असणार. मोहनराव खाली बसले. एवढं बोलून काही उपयोग झाला की नाही, हे त्यांना कळेना.

मग बायकांच्या घोळक्यातून केशरबाई उठली. विधवा, एकटी राहणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं पदर घट्ट धरला आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "माझ्या छातीत गाठ हाय. लई दिस झाले. कुनाला बोल्ले न्हाई. कुठं जायाचं?"

तिच्या शेजारच्या दोन बायका नकळत सरकल्या. सत्यशीलाबाई उठून त्या रिकाम्या जागेत जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "उद्या सकाळी जाऊ. मी येते तुमच्यासोबत."